निम्म्या पल्ल्याचं गणित

नमस्कार श्रोतेहो. ड्रॅग रेस म्हणजे थांबल्या जागेवरून सुटून सरळ ट्रॅकवर धावायची शर्यत. तिचा पूर्ण पल्ला पाव मैलाचा, म्हणजे १३२० फूट. बऱ्याच ट्रॅकवर मात्र त्याच्या निम्मीच जागा मिळते, ६६० फूट. तेवढ्यावरून पूर्ण पल्ल्याची वेळ कशी काढायची? दुप्पट करू नका, कारण दुसऱ्या निम्म्यात गाडी आधीच धावती असते. वेळेला साधारण १.५६ ने गुणा, वेगाला सव्वाने. पुन्हा सांगतो, लिहून घ्या : वेळेला १.५६, वेगाला सव्वा.

हा आकडा कुठे दगा देतो, ते मी माझ्या मित्राच्या गाडीवर शिकलो. निम्म्या पल्ल्याला ८.२० सेकंद, वेग ताशी ८५ मैल. ट्रॅकवर वेळ आणि वेग छापून मिळणाऱ्या चिठ्ठीच्या मागे मी पेन्सिलीने लिहून दिलं : १२.७९ सेकंद, १०६ मैल. त्याने ती चिठ्ठी खिशात जपून ठेवली. पुढे पूर्ण पल्ल्याचा ट्रॅक मिळाला. निम्म्यावर अगदी तेच, ८.२०. मी कठड्याला टेकून ऐकत होतो. निम्मं अंतर गेलं आणि जरा पुढे इंजिनाचा चढता आवाज एका सुरावर अडकला, तो शेवटपर्यंत तसाच. वेळ आली १३.१२, वेग फक्त ९३.

गाडीत दोष नव्हता. जोरात सुटावी म्हणून त्याने क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना जोर पोचवणारी शेवटची दातेरी जोडी, तशी बसवली होती. शेवटच्या गिअरमध्ये इंजिन आरपीएमच्या मर्यादेला टेकलं, पुढे वेग वाढायला वावच उरला नाही. निम्म्या पल्ल्याच्या चिठ्ठीवर हे दिसणार कुठून?

ओघात आलंच म्हणून बोलतो. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा या ड्रायव्हरचा इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर अपघाती मृत्यू झाला आणि अमेरिकेत टॉप फ्युएल, फनी कार या सर्वांत वेगवान गटांच्या शर्यती १००० फुटांवर आल्या. निर्णय योग्यच होता. पण तेव्हापासूनच्या वेळा गुणून जुन्या पाव मैलाच्या विक्रमांशेजारी मांडतात, ते मला मुळीच पटत नाही. जी गाडी तेवढं धावलीच नाही, तिला ती वेळ देऊ नये.

असो. म्हणून वेळेला १.५६ लावण्याआधी एवढं बघा, निम्म्यावर गाडी कितव्या गिअरमध्ये आहे आणि आरपीएम किती शिल्लक आहेत. मित्राने क्राउन-पिनियन बदललं. निम्म्या पल्ल्याची वेळ बिघडून ८.३० झाली, तो हिरमुसला. पण पूर्ण पल्ल्याची चिठ्ठी हातात आली तेव्हा तिच्यावर १२.९४ होतं.