त्स्वाय आणि त्स्वो: जर्मन भाषेतील दोनाचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मन शिकू लागलेल्या माणसाचे आकडे पहिल्या आठवड्यातच पाठ होतात: आइन्स, त्स्वाय, द्राय. पुढे तो जर्मनीत जातो, दूरध्वनीवर कुणीतरी त्याला एखादा क्रमांक सांगू लागते आणि त्यात मध्येच ‘त्स्वो’ असा शब्द कानावर पडतो, जो त्याने पाठ केलेल्या यादीत कुठेच नसतो. गोंधळून विचारले, तर उत्तर मिळते की हा दोनच आहे. तीन ऐकू येऊ नये म्हणून तसे म्हणायचे.

अडचण यमकाची आहे. त्स्वाय आणि द्राय या दोन्ही शब्दांचा शेवट ‘आय’ असा होतो आणि त्यांच्यातला सगळा फरक सुरुवातीच्या व्यंजनांत असतो. समोरासमोर बोलताना तो पुरतो. परंतु जुन्या पद्धतीचा दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनिपट्टा वाहून नेत असे आणि ‘त्स’सारख्या घर्षणयुक्त उच्चाराचा मोठा भाग त्याच्या वर असल्यामुळे तो वाटेतच गळून जाई. स्वर ठणठणीत पोहोचत, व्यंजनांची मात्र खरखर होई. बर्लिनमध्ये १८८१ साली दूरध्वनी केंद्र सुरू झाले तेव्हा जोडणी हाताने होत असे. म्हणजे ग्राहकाने क्रमांक तोंडी सांगायचा आणि केंद्रावरच्या माणसाने तो ऐकून तार जोडायची. तिथे दोनाचा तीन झाला, तर फार तर भलत्याच घरी घंटी वाजेल. सैन्यात तोफेचे अंतर सांगताना तसे झाले, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दूरध्वनीवर आणि सैन्याच्या बोलण्यात ‘त्स्वो’ पक्का रुजला. जर्मन भाषेतील विमानसंदेशांतही दोन म्हणजे त्स्वोच.

मात्र हा शब्द कुणी नव्याने घडवलेला नाही, आणि मला स्वतःला या विषयातली खरी गंमत इथेच वाटते. जुन्या जर्मनमध्ये दोनाला तीन लिंगे होती: पुल्लिंगी त्स्वेन, स्त्रीलिंगी त्स्वो आणि नपुंसकलिंगी त्स्वाय. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये, कारण आपण रोज दोघे, दोघी आणि दोघं म्हणतोच. साम्य त्याहूनही पुढे जाते. एक पुरुष आणि एक स्त्री मिळून असली, तर जुनी जर्मन भाषा नपुंसकलिंगी रूप वापरत असे. आपणही ‘नवराबायको दोघं आली’ असेच म्हणतो. धर्मसुधारक मार्टिन लूथरने जर्मनमध्ये आणलेल्या बायबलच्या १५४५ सालच्या आवृत्तीत, लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात, एका बिछान्यावर निजलेले दोन पुरुष ‘त्स्वेन’ आहेत आणि लगेच पुढच्या ओळीत एकत्र दळणाऱ्या दोन बायका ‘त्स्वो’ आहेत. ‘बायका’ हा शब्द मुळात नाहीच. दळणाऱ्या स्त्रिया आहेत हे वाचकाला आकड्यावरूनच कळते, जसे आपल्याला ‘दोघी दळत होत्या’ म्हटल्यावर कळते.

पुढे प्रमाण जर्मनमध्ये नपुंसकलिंगी त्स्वाय सर्वांसाठी रूढ झाला आणि उरलेली दोन्ही रूपे मागे पडली. त्स्वेन जवळजवळ विस्मरणात गेला. त्स्वो मात्र बोलींमध्ये तगून होता, लोकांना ऐकून ठाऊक होता, आणि त्यातल्या ‘ओ’ची ‘आय’शी गल्लत होणे शक्य नव्हते, त्यामुळे व्याकरणातली नोकरी गेलेल्या या शब्दाला तारेवर दुसरी नोकरी मिळाली. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या बोलीत तिन्ही रूपे आजही भेटतात आणि तिथे त्स्वो अजून बायकांसाठीच आहे.

हीच युक्ती इतरत्रही दिसते. फ्युन्फ, म्हणजे पाच, याला स्पष्टपणासाठी फोड करून ‘फ्युन्नेफ’ म्हणतात. जून आणि जुलै यांची यूनी आणि यूली ही नावे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तोंडी ‘यूनो’ आणि ‘यूलाय’ असे उच्चार करतात. इंग्रजी विमानसंदेशांत नऊला ‘नाइनर’ म्हणतात, तेही याच जातीचे. जर्मन भाषेतल्या नकारार्थी ‘नाइन’शी घोटाळा होऊ नये म्हणून तसे करतात, ही कथा लोकप्रिय आहे, पण इंग्रजीतच फाइव्ह आणि नाइन यांचा स्वर एक आहे, एवढे कारण पुरेसे आहे. आपण मराठी माणसे दूरध्वनीवर ‘एकोणसाठ की एकोणसत्तर’ असे अडखळलो, की सरळ इंग्रजी आकड्यांवर जातो. जर्मन माणूस आपल्याच भाषेचा माळा धुंडाळतो.

आता तर जिथे गल्लतीची शक्यताच नाही, तिथेही त्स्वो ऐकू येतो. ध्वनिक्षेपक तपासणारा ‘आइन्स, त्स्वो’ म्हणतो, आणि दुसरा या अर्थाच्या ‘त्स्वायटे’चे बोलण्यात ‘त्स्वोटे’ होते. धनादेशावर अक्षरी रक्कम लिहिताना मात्र तोच माणूस निमूटपणे त्स्वाय लिहितो.