खोडलेल्या शब्दांची लॅटिन

'स्पेकुलुम म्हणा, स्पेक्लुम नको. आउरिस म्हणा, ओरिक्ला नको. मेन्सा म्हणा, मेसा नको.'

नेपल्सच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या हस्तलिखितात अशा २२७ दुरुस्त्या आहेत. यादी करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पण 'आनि नाही रे, आणि!' असं वर्गात बजावणारे गुरुजी ज्यांना लाभले, ते या माणसाला लगेच ओळखतील.

स्पेकुलुम म्हणजे आरसा, आउरिस म्हणजे कान, मेन्सा म्हणजे मेज. ही झाली पुस्तकातली लॅटिन. बाजारहाट करणारी माणसं मधला स्वर गिळून स्पेक्लुम म्हणायची. कानाला लाडानं ओरिक्ला म्हणायची, म्हणजे छोटासा कान. गुरुजींनी हे सगळं खोडलं. लोकांनी ऐकलं नाही. आज इटलीत आरशाला स्पेक्कियो म्हणतात, कानाला ओरेक्कियो. स्पेनमध्ये टेबल म्हणजे मेसाच. तिन्ही शब्द खोडलेल्या बाजूचे!

आपल्याला यात नवल वाटायला नको. कर्णाचा कान आणि हस्ताचा हात करणारी माणसं आपल्याकडेही होतीच.

तिबेर नदीकाठच्या लॅशियम या छोट्याशा प्रदेशातली ही बोली रोमच्या सैन्याबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर युरोपभर गेली. साम्राज्य मोडल्यावर गावोगावी ती वेगवेगळी वळली. सन ८१३ मध्ये फ्रान्समधल्या तूर इथे जमलेल्या बिशपांनी ठरवलं, की प्रवचन लोकांना कळेल अशा बोलीत सांगायचं. लॅटिन आणि लोकांची भाषा आता एक उरली नव्हती.

त्या बोलींपैकी एक, पोर्तुगीज, १५१० मध्ये गोव्यात सत्ता घेऊन आली. क्लाविसची तोवर चावे झाली होती. आपण तिची चावी केली. पानिसपासून आला पाव. आणि पगार? त्याच्या मुळाशी लॅटिनचं पाकारे, म्हणजे शांत करणं. धनकोला शांत करायचं तर त्याचे पैसे चुकते करायचे, तिथून हा अर्थ आला.

इकडे पुस्तकातली लॅटिन विद्वानांची झाली. न्यूटननं गुरुत्वाकर्षण मांडलं ते १६८७ मध्ये, लॅटिनमध्ये. त्याच्या थोडं आधी, १६७८ पासून, ॲमस्टरडॅममध्ये 'हॉर्टस मलबारिकस' छापलं जाऊ लागलं. मलबारच्या वनस्पतींवरचे बारा लॅटिन खंड. इट्टी अच्युतन या वैद्यांनी माहिती पुरवली, तशीच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी ब्राह्मणांनीही. पहिल्या खंडात या तिघांचं निवेदन आहे, नागरी लिपीत. लॅटिन मजकुराच्या गर्दीत आपली अक्षरं भेटतात तेव्हा खरंच भरून येतं.

हंगेरीचा राज्यकारभार १८४४ पर्यंत लॅटिनमध्ये चालला. नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं, हा नियम तर २०१२ पर्यंत होता.

आणि ११ फेब्रुवारी २०१३. व्हॅटिकनमध्ये कार्डिनलांसमोर पोप बेनेडिक्ट सोळावे हळू आवाजात लॅटिन मजकूर वाचतायत. एका इटालियन वृत्तसंस्थेच्या बातमीदार जोव्हान्ना किर्री पडद्यावर ते पाहतायत, आणि त्यांना लॅटिन येतं. पोप पद सोडतायत, हे त्यांना ऐकताऐकताच कळतं. जवळजवळ सहाशे वर्षांत न घडलेली ती बातमी त्या जगाला देतात.