हातचा येण्याआधी

(पडद्यावर: १२३४५६७८९८७६५४३२१)

सतरा अंक. नऊपर्यंत चढायचं आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचं. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त जी स्थानं मोजली आहेत, त्यांत हिचा डावीकडचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी बसतो. शेवटच्या स्थानाच्या, परार्धाच्या, एकच घर अलीकडे.

ही संख्या कुणी मुद्दाम जुळवलेली नाही. ओळीने नऊ एक लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. शाळेत मांडायचो तसा उभा गुणाकार.

(पडद्यावर: नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली)

ओळींमध्ये नुसते एक. उजवीकडून पहिल्या रकान्याची बेरीज एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची तीन. मधोमध नऊ. मग पुन्हा आठ, सात, सहा. हातचा कुठेच येत नाही, म्हणून बेरजा जशाच्या तशा खाली उतरतात. सगळी गंमत एवढीच.

असे मनोरे गणिती द. रा. कापरेकरांच्या डेम्लो संख्यांच्या गोतावळ्यातले. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते. डेम्लो हे जीआयपी रेल्वेवरचं स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली. या संख्यांचा विचार तिथे सुचला, म्हणून त्यांनी स्टेशनचंच नाव देऊन टाकलं. डोंबिवलीकरांनी मिरवावं असं आहे खरं!

हर्षद संख्याही कापरेकरांच्याच: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती. आपल्या मनोऱ्यातल्या अंकांची बेरीज ८१. भाग देऊन पाहा. उत्तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. आणि हे उत्तर म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हर्षद निघतात तीनच: १, १२३२१ आणि ही.

पण १२३४५६७९ मध्ये आठ कुठे आहे? त्याचा पत्ता दहावा एक लिहिल्यावर लागतो.

(पडद्यावर: ११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१)

मधल्या रकान्याची बेरीज आता दहा. शून्य लिहिला, हातचा एक. डावीकडच्या नऊचे झाले दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे झाले नऊ, आणि प्रकरण तिथे मिटलं. आठ गेला तो असा. एकाला ८१ ने भागलं तरी तेच: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ आणि पुढे तसंच. कारण हा ०.१११... चा वर्ग, आणि तिथेही दहाच्या रकान्यातून हातचा डावीकडे सरकतो.

आता, नऊला थांबणारा मनोरा हा दशमान पद्धतीचा गुण. संगणकवाल्यांच्या सोळा पायाच्या पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळा झाल्यावर हातचा येतो तिथे, हातचा न घेता पंधरा एकांपर्यंत चढता येतं. उलट आपली ही संख्या तिथे लिहिली, तर ती उलटसुलट सारखी राहत नाही. मूळ अवयव मात्र पद्धत बदलली म्हणून बदलत नाहीत. ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. म्हणून विभाजक ४५, कुठल्याही पद्धतीत मोजा.