तीन गाड्यांचा एक ढीग

श्रोतेहो, नमस्कार.

आलिशान मोटार म्हटलं की चकचकीत रंग आणि मऊ गाद्या डोळ्यांपुढे येतात. कॅडिलॅक या अमेरिकन मोटारीचा मोठेपणा मला दिसतो तो मात्र सुट्या भागांच्या एका ढिगात.

साल 1908, इंग्लंडमधला ब्रुकलंड्सचा ट्रॅक. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली एका सिलिंडरच्या तीन कॅडिलॅक पार खोलल्या गेल्या. एकेका गाडीचे 721 भाग! ते सगळे एकत्र मिसळले, त्यांतले 89 काढून घेतले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याकडच्या साठ्यातले ठेवले. मग मेकॅनिकांनी नुसते पाने आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तिन्ही गाड्या पुन्हा उभ्या केल्या. कानस लावायची नाही, ही अट. त्या काळी फिटर एकेक भाग घासून जागेवर बसवी. एका गाडीचा भाग दुसरीला लागेलच, याचा भरवसा नसे. या तिघींचे रंग सरमिसळ झाले होते, पण तिघीही सुरू झाल्या आणि प्रत्येकी 500 मैल धावल्या. क्लबने कॅडिलॅकला मानाची ड्यूअर ट्रॉफी दिली.

हे करून दाखवणारा कारागीर होता हेन्री लेलंड. बंदुकांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांत त्याचा हात तयार झालेला. 1902 मध्ये हेन्री फोर्ड आपल्या नावाची कंपनी सोडून गेला, तेव्हा भांडवलदारांनी यंत्रांची किंमत ठरवायला लेलंडला बोलावलं. त्यांना सगळं विकून मोकळं व्हायचं होतं. तो म्हणाला, कारखाना मोडू नका, माझं इंजिन घ्या. अशी डेट्रॉइटमध्ये कॅडिलॅक उभी राहिली. 1909 मध्ये ती जनरल मोटर्सकडे गेली, तरी कारभार लेलंडकडेच राहिला.

जुन्या ट्रकला हँडल मारताना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. हँडल उलटं फिरलं की मनगटच मोडायचं. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि ही धास्ती गेली. माझ्या मते खरी चैन ती हीच.

1917 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, लेलंड बाहेर पडला आणि त्याने नवी कंपनी काढली. तरुणपणी ज्याला मत दिलं, त्या लिंकनचं नाव तिला दिलं. आधी विमानांची इंजिनं, मग मोटारी. पण पैशाचं गणित जमेना. 1922 मध्ये ती कंपनी 80 लाख डॉलरला विकत घेतली हेन्री फोर्डने, आणि काही महिन्यांतच लेलंडला आपल्याच कारखान्यातून बाहेर पडावं लागलं.