कपाटाची किल्ली कुणाकडे?

मंडळी, ओळख करून देताना तुम्ही ‘संपत्ती व्यवस्थापक’ असा भारदस्त शब्द वापरलात. माझ्या आईला तो आजवर पटलेला नाही. शेजारी कुणी विचारलं, तर ती सांगते, “लोकांचे पैसे सांभाळतो.” आणि हळूच पुढे, “स्वतःचे सांभाळले तरी पुष्कळ.”

या धंद्यात का आलो, असं मला विचारलंय. खरं सांगायचं तर पगारासाठी. बी.कॉम. झालेल्या डोंबिवलीच्या पोराला नरिमन पॉइंटला एसीत बसायला मिळत होतं, एवढं कारण पुरेसं होतं. ध्येयबिय नंतर सुचतं.

नोकरीत रुळतोय तोवर २ जुलै २००१ उजाडला. युनिट ट्रस्ट या म्युच्युअल फंड संस्थेने आपल्या ‘यूएस-६४’ योजनेतल्या युनिटांची, म्हणजे गुंतवणूकदारांच्या वाट्यांची, खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. १९६४ सालची ती योजना. निवृत्त माणसं तिच्यात फंडाचे पैसे अशा विश्वासाने टाकत, जणू बँकेची एफडीच. आत मात्र शेअर बराच भरलेला होता आणि युनिटचा भाव बाजाराने नव्हे, संस्थेने ठरवलेला असायचा. त्यामुळे बाहेरून सगळं शांत दिसत होतं. आमच्या ऑफिसचा त्या योजनेशी काही संबंध नव्हता, तरी फोन दिवसभर खणखणत होते. लोक चिडलेले होतेच, पण त्याहून जास्त गोंधळलेले होते. आपला पैसा नेमका कशात आहे, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. सोप्या भाषेत समजावून सांगणाऱ्याची इथे गरज आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

तरी फार साधुत्व अंगावर घेऊ नये. तेव्हा इक्विटी फंडात, म्हणजे शेअरमध्ये पैसे गुंतवणाऱ्या फंडात, कुणी शंभर रुपये भरले, की सव्वादोन रुपयांपर्यंत दारातच कापले जायचे. ‘एंट्री लोड’ म्हणत त्याला, आणि त्यातूनच विकणाऱ्याचं कमिशन निघे. ऑगस्ट २००९ पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, ते बंद केलं. आमच्यातल्या कित्येकांनी बोटं मोडली, मीही मोडली. आज वाटतं, बरं झालं. कमिशनवर डोळा ठेवून दिलेला सल्ला आणि नुसता सल्ला, यांतला फरक देणाऱ्यालाही कळेनासा होतो.

बाजाराच्या पडझडीवर मी फार बोलणार नाही. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१,००० च्या आसपास होता, ऑक्टोबरात ९,००० च्या खाली. तेव्हा आमचं काम एवढंच होतं, की फोन उचलायचा आणि ऐकून घ्यायचं. जे फोन उचलत नव्हते, त्यांचे ग्राहक गेले.

मला घडवलं ते एका चहाने. एका इंजिनिअर साहेबांकडे मी बारा वर्षं जात होतो. दर खेपेला त्यांच्या पत्नी चहा आणून ठेवत आणि आत जात. साहेब अचानक गेले. महिन्याभराने त्या ऑफिसात आल्या, हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत कागद. पॉलिसी, एफडीच्या पावत्या, डिमॅटची स्टेटमेंटं, सगळं एकात एक. म्हणाल्या, “हे काय आहे ते सांगा. आणि यातलं माझं किती, तेही सांगा.” चिडून नव्हे, अगदी शांतपणे. बारा वर्षांत त्या बाईंनी मला किती कप चहा दिला असेल! एकदाही मी “वहिनी, तुम्हीही बसा ना” म्हटलं नव्हतं. कागद मार्गी लागायला दीड वर्ष गेलं.

तेव्हापासून माझा हट्ट आहे, पहिल्या बैठकीला दोघंही हवीत. “तिला यातलं काही कळत नाही हो,” हे वाक्य अजून आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. बहुधा तीच बाई सोसायटीतली वीस जणींची भिशी चालवत असते, पैचा घोळ न होता! पुढचा गैरसमज नॉमिनीचा. नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, असं लोक धरून चालतात. शेअरच्या बाबतीत तसं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. नॉमिनी ते फक्त ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच राहतो. तेव्हा मृत्युपत्र करा. अपशकुन वगैरे काही नसतो.

आता छंदाविषयी. बाकीचे अधिकारी गोल्फ खेळतात. मी पंचेचाळिसाव्या वर्षी मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकायला लागलो. निमित्त झालं गावच्या घरातल्या पेटीचं. तिच्यात पणजोबांच्या कीर्द-खतावणीच्या तीन वह्या निघाल्या. मोडी वाचणं म्हणजे आधी डोळ्यांची खोड मोडणं. ओळभर रेघ आधी ओढलेली, अक्षरं तिला टांगलेली. शब्दांत मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात लिहिणाऱ्याला घाई! पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत म्हणे मोठ्या इतिहासाचे. माझ्या वह्यांत इतिहास नाही, हिशेब आहे. बियाणं, बैलाची नाल, कुणाकडून येणे, कुणाचे देणे. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा धरून बेरजा पडताळताना रविवार कसा जातो कळत नाही. पणजोबांची बेरीज आजवर दोनदा चुकलेली सापडली. दोन्ही वेळा स्वतःच्या फायद्याची! आईला हे सांगितलं, तर म्हणाली, “मग तू त्यांचाच पणतू.”

पहिली वही संपवली. गावातली सत्तर-ऐंशी नावं त्यात आहेत, सगळी पुरुषांची. बाईचा उल्लेख एकच: ‘मातोश्रीस औषध, आणे ४’. पणजीचं नाव मी अजून शोधतोय. दोन वह्या बाकी आहेत, आणि माझा वेग रविवारी दोन पानं.