अकरा ग्लास

(दृश्य: पावसाळी संध्याकाळ. टिळकवाडी, बेळगाव. रेल्वे गेट पडलेलं. रेनकोटातली माणसं, दुचाक्यांची रांग, टपरीवरची वाफ.)

बेळगावात रेल्वे गेट पडलं की माणसाला दोनच कामं उरतात. गाडी बंद करून चडफडायचं, नाहीतर उतरून चहा सांगायचा. ही टपरी दुसऱ्या जातीच्या माणसांवर चालते, आणि साडेसहानंतर फुटबॉलवाल्यांवर. मागच्या मैदानात लाल मातीचा राडा झालेला असतो. गुडघ्यापर्यंत माखलेली पोरं एका चहाचे बाय-टू करतात आणि बसायला जागा शोधतात. जागा मिळत नाही, कारण पांढऱ्या केसांची मंडळी त्यांच्याआधी येऊन बाकडी धरून बसलेली असतात.

आता हे टेबल बघा. रिकामे ग्लास उपडे घातलेत. अलीकडं एक, मग चार, मग दोन, परत चार. ही भारताची फुटबॉल टीम, आजवरच्या सगळ्या खेळाडूंतून निवडलेली. रोज संध्याकाळी इथं लागते आणि रोज मोडते.

मेस्सी का मारादोना हा वाद इथं शाळकरी पोरं घालतात, तोही वर्ल्ड कपपुरता. मोठ्यांना त्यात गोडी नाही. "त्यांचं ते बघून घेतील की," असं सुभेदार म्हणतात. सुभेदार म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. कॅम्पात रेजिमेंटचं सेंटर असल्यामुळं या गावात प्रत्येक कट्ट्यावर एक तरी सुभेदार असतोच. आमचे सुभेदार गोली होते. त्यामुळं पहिला ग्लास तेच ठेवतात आणि त्यावर बोट ठेवून सगळ्यांकडं एकदा बघतात.

पीटर थंगराज. त्यावर वाद होत नाही. थंगराजही फौजेचा, मद्रास रेजिमेंटल सेंटरचा. सुरुवातीला म्हणे सेंटर फॉरवर्ड खेळायचा, मग गोलात आला आणि गोलातलाच झाला. 1956 आणि 1960 अशी दोन ऑलिम्पिक त्याच्या नावावर. मधूनच कुणीतरी ब्रह्मानंद संखवाळकरांचं नाव काढतो. ते साहजिक आहे, चोर्ल्याचा घाट उतरला की गोवाच. सुभेदार ऐकून घेतात आणि म्हणतात, "लई चांगला गोली. बाराव्या नंबरला."

(दृश्य: ग्लासांवरून फिरणारा हात. नखांत सिमेंट.)

हा हात गवंडीमामांचा. मामा उभी हयात फुल बॅक खेळले आणि चाळीस वर्षं भिंती बांधल्या. मामांच्या टीममध्ये चार बॅक आहेत, पण त्यांतले तीन रोज बदलतात. चौथ्या ग्लासाला हात लावायची कुणाची टाप नाही. तो जर्नेलसिंग.

आता इथं जरा थांबतो, कारण मामाही इथं थांबतात.

जकार्ता, 4 सप्टेंबर 1962. एशियाडची फायनल, समोर दक्षिण कोरिया. याच कोरियानं गटात आपल्याला 2-0 हरवलेलं. स्टेडियममध्ये लाखभर लोक, आणि बहुतेक सगळे आपल्या विरोधात. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी बोलले, आणि त्याचा सगळा राग फुटबॉलच्या टीमवर निघाला. आपलं राष्ट्रगीत लागलं तेव्हा हुर्यो उडवली गेली. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. अंगात कॅन्सर घेऊन ते बाकावर बसले होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

थायलंडच्या मॅचमध्ये जर्नेलचं डोकं फुटलं होतं, टाके घातले होते. जपानविरुद्ध तो बाहेरच बसला. सेमीफायनलला रहीम मास्तरांनी काय केलं? त्याला बॅकला न ठेवता थेट सेंटर फॉरवर्डला उभा केला. दक्षिण व्हिएतनामवर त्याचा एक गोल आला, आपण 3-2 जिंकलो. फायनलला सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, विसाव्या मिनिटाला परत जर्नेल. कोरियानं अगदी शेवटाकडं एक फेडला. 2-1. सुवर्णपदक. त्यानंतर एशियाडच्या फुटबॉलमध्ये भारताला सुवर्ण मिळालेलं नाही.

"डोसक्याला टाके, आणि पुढं खेळतोय वो माणूस," मामा म्हणतात. "आणि हितं आमच्या पोरास्नी नखाला लागलं की लोळालेत."

मामांनी ही मॅच बघितलेली नाही. तेव्हा ते पाळण्यात होते. पण ते सांगतात तेव्हा मधे कुणी बोलत नाही.

(दृश्य: गाडी धडधडत जाते. गेट उचलतं. टपरीवरचं कुणीच उठत नाही.)

उजव्या कडेचा ग्लास रेल्वेचा. म्हणजे पीके. हा हट्ट बेळगाव स्टेशनात नोकरी करून निवृत्त झालेल्या एका तिकीट बाबूंचा. पीके ईस्टर्न रेल्वेत होते आणि क्लबही तोच धरून राहिले. मोहन बगान नाही, ईस्ट बंगाल नाही. 1958 साली कोलकात्याची लीग ईस्टर्न रेल्वेनं जिंकली, त्यानंतर थेट 2019 पर्यंत तिथल्या तीन बड्या क्लबांखेरीज ती कुणाला जिंकता आली नाही. बाबू हे सांगताना जणू स्वतःच्या डिपार्टमेंटचा बोनस जाहीर करतात. रोमच्या ऑलिम्पिकात, 1960 साली, पीके कॅप्टन होते आणि फ्रान्सविरुद्ध गोल त्यांचाच होता. मॅच 1-1 सुटली. "फ्रान्स वो, फ्रान्स," बाबू दोनदा म्हणतात.

एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. हा वाद ऐकत मी बरीच वर्षं काढली, आणि मला तो खेळाडूंचा कधी वाटलाच नाही. जो ज्या जागी खेळला, त्याला त्या जागेचा माणूस थोर. गोल्याला गोली, बॅकला बॅक, रेल्वेवाल्याला रेल्वेवाला. टपरीचा मालक कानडी, फुटबॉल कधी खेळलेला नाही, त्याचंही एक मत आहे: आय. एम. विजयन. का? विजयन लहानपणी त्रिशूरच्या स्टेडियमवर सोडा विकायचा. मालक आजही गोटी सोडा ठेवतो. 1999 च्या सॅफ स्पर्धेत विजयननं भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला गोल मारला, हे त्याला कुणीतरी सांगितलंय. त्याला त्याचं एवढं नवल नाही. बाटल्या त्याला पुरेशा आहेत.

कॅम्पातले चाचा येतात ते शुक्रवारी. ते आले की संभाषण अर्धं उर्दूत जातं. चाचांचा ग्लास अहमद खानचा. बंगळूरचा पोरगा, 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये अनवाणी खेळला. त्या टीममधले बहुतेक जण अनवाणीच होते. फ्रान्सकडून 2-1 हरलो, दोन पेनल्टी वाया घालवल्या, आणि आपला एकमेव गोल सारंगपाणी रामनचा. तोही बंगळूरचाच. हेलसिंकीत 1952 ला युगोस्लाव्हियानं आपल्याला दहा गोल घातले. आपला एक होता, तो अहमद खानचा. "दस खाके एक मारना, उसको जिगर लगता," असं चाचांचं म्हणणं. यावर तिकीट बाबू खाली बघून चहा ढवळतात. साखर कधीच विरघळलेली असते.

(दृश्य: जुना बेळगाव. गल्ल्या, कौलं, पाटीवरची दोन लिप्यांतली अक्षरं.)

आणि मग येतं छप्पन साल.

बेळगावात छप्पन म्हटलं की मराठी माणसाला फुटबॉल आठवत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, आणि तोवर मुंबई राज्यात असलेला आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसाबद्दल इथं अजून वेगवेगळ्या घरांत वेगवेगळं बोललं जातं, आणि ते या टेबलावर काढायचं नाही असा अलिखित नियम आहे. पण तारखा बघा. बरोबर एका महिन्यानं, 1 डिसेंबर 1956 ला, मेलबर्नमध्ये भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. नेव्हिल डिसोझा, मुंबईचा सेंटर फॉरवर्ड, टाटांच्या टीमचा, मूळ गोव्याचं. त्यानं एकट्यानं तीन गोल मारले. आशियातल्या खेळाडूची ऑलिम्पिक फुटबॉलमधली ती पहिली हॅटट्रिक. 4-2. यजमान घरी, भारत सेमीफायनलला. तिथं युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही नेव्हिलचाच. मग त्यांनी चार घातले. शेवटी आपण चौथे. ऑलिम्पिकमध्ये त्याच्या वर आपण कधी गेलो नाही.

आमच्यातले एक हायस्कूलचे मास्तर या हॅटट्रिकवर एकच वाक्य बोलतात: "महिना आधी मारले असते, तर ते आपल्याच राज्याचे गोल होते." मराठी शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. हसतो, पण पूर्ण हसत नाही.

त्यावर तिकीट बाबूंचा हिशेब तयार असतो. पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही, पुढे चाल मिळाली. म्हणजे एक मॅच जिंकून चौथा नंबर. हे खरं आहे, आणि खरं असल्यामुळंच मास्तरांना झोंबतं.

(दृश्य: चिखलानं माखलेला पोरगा, अंगात निळी जर्सी.)

इतका वेळ गप्प उभा असलेला हा कॉलेजचा पोरगा. एक आकडा टेबलावर आपटतो. "पंच्याण्णव."

सुनील छेत्रीचे देशासाठीचे गोल. पहिला 2005 साली, क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध, पदार्पणाच्याच मॅचमध्ये. 2008 ला दिल्लीत एएफसी चॅलेंज कपच्या फायनलमध्ये ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक, आणि त्यामुळं सत्तावीस वर्षांनी भारत आशिया कपला गेला. 2024 च्या जूनमध्ये कोलकात्यात निरोप घेतला, नऊ महिन्यांत परत आला आणि मालदीवविरुद्ध गोलही मारला.

"मालदीव," बाबू म्हणतात. एवढंच. पण कसं म्हणतात ते ऐकायला हवं.

पोरगा चिडतो. तो छेत्रीला बघायला रात्रीची बस धरून बंगळूरला जातो, सकाळी उतरतो, कंठीरवाच्या बाहेर दिवस काढतो, मॅच बघून परत रात्रीच्या बसला. पाचशे किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. "तुमच्यातल्या कुणी थंगराजला बघितलंय वो? पीकेला? नेव्हिलला? मी बघितलोय. माझ्या डोळ्यानं बघितलोय."

कुणी बोलत नाही. कारण खरंच कुणी बघितलेलं नाही. रेडिओ, वर्तमानपत्राची चौकट, कुणाच्या तरी थोरल्या भावाचं वर्णन, एवढ्यावर ही सगळी टीम उभी आहे. आणि ज्या छेत्रीला बघता येत होतं, त्याला बघायला 2018 साली मुंबईत अडीच हजार माणसं आली. तैवानला 5-0 हरवलं, तीन गोल त्याचे, आणि स्टँड रिकामे. मग त्यानं व्हिडिओ काढून हात जोडले, शिव्या द्यायला का होईना पण या म्हणाला. पुढच्या मॅचला स्टेडियम भरलं. ते त्याचं शंभरावं सामनं होतं, असं मामा सांगतात. 'सामना'चं नपुंसकलिंग मामांचं स्वतःचं आहे.

या सगळ्यात चुनी गोस्वामीचा ग्लास मात्र कुणी ठेवावा लागत नाही. तो आपोआप लागलेला असतो, डावीकडून आत. जकार्ताचा कॅप्टन. सत्ताविसाव्या वर्षी देशाकडून खेळणं थांबवलं आणि पुढं रणजीच्या फायनलला बंगालचा कॅप्टन म्हणून मुंबईविरुद्ध उतरला. चुनीसाठी आमच्यात कुणी भांडत नाही. त्याच्यात आपलं काही दिसावं असा माणूस या बाकड्यावर बसलेला नाही, असं मला वाटतं. इतकं सहज आमच्यापैकी कुणालाच काही जमलं नाही.

2020 च्या 20 मार्चला पीके गेले. दोन दिवसांत जनता कर्फ्यू, मग टपरी बंद. 30 एप्रिलला चुनी गेले. त्या रात्री बाबूंनी सगळ्यांना फोन केले, एकेकाला, आणि प्रत्येकाला तेच विचारलं: आता उजव्या कडेला कोण आणि डावीकडं कोण. जणू दुसऱ्या दिवशी मॅच होती.

माझा ग्लास राहिला. निवेदकानं मत देऊ नये म्हणतात, पण मी शाळेच्या टीममध्ये लेफ्ट आऊट होतो, गुडघा गेला आणि सुटलं. तेव्हा तुळसीदास बलराम. सिकंदराबादचा. रोमला हंगेरीविरुद्ध गोल, पेरूविरुद्ध गोल. ज्या हंगेरीनं तिथं कांस्य नेलं, तिच्याकडून आपण 2-1 हरलो, एकाच गोलाच्या फरकानं. पुढं फुप्फुसाच्या आजारानं त्याचा खेळ ऐन भरात थांबला. पीके, चुनी आणि बलराम, त्या तिघांतला हा तिसरा, आणि त्याचं नाव नेहमी तिसरंच घेतात. फेब्रुवारी 2023 मध्ये तो गेला, त्या संध्याकाळी मी डाव्या कडेचा ग्लास हातानं झाकून बसलो होतो. कुणी हरकत घेतली नाही.

(दृश्य: पाऊस वाढलेला. दिवे लागलेत. मालक फडकं घेऊन टेबलाशी.)

"साकु माड्री," मालक म्हणतो. पुरे करा. ग्लास धुवायला लागणार, पुढच्या गाडीचं गेट पडायची वेळ झाली. तो आधी बॅक उचलतो. मामा जर्नेलचा ग्लास मुठीत धरून ठेवतात. मग हाफ जातात, मग चुनी, मग पीके. थंगराज सुभेदार स्वतःच्या हातानं देतात.

सेंटर फॉरवर्डच्या जागी आज दोन ग्लास आहेत, एक मास्तरांनी ठेवलेला, एक पोरानं. टीम बाराची झालीय, कुणी मोजलंच नाही. मालक दोन्ही उचलतो, उजेडात धरतो आणि विचारतो,

"यातल्या एका चहाचे पैसे आलेले नाहीत. कुणाचा?"