मेंदूचे दोन भाग सिंकमध्ये आहेत हे ओळखतात कसं?

नमस्कार मंडळी! (टाळ वाजवत) हो, आज टाळ घेऊन बसलोय, शेजारचे काका आधीच वैतागलेत, पण असू दे.

भजनात दोन टाळकरी आहेत असं समजा. एक जोरात बडवतोय, दुसऱ्याची नुसती किणकिण, आणि तो दर ठेक्याला जरासा मागे पडतोय. पण दरवेळी तेवढाच मागे! मग ते सिंकमध्येच आहेत की. आवाज लहान-मोठा असला तरी काय फरक पडतो, मधलं अंतर टिकलं पाहिजे. मेंदूच्या लहरींमध्ये या अंतराला फेजमधला फरक म्हणतात.

आता 1999 चा पॅरिसचा प्रयोग, मेंदू-संशोधक फ्रान्सिस्को वारेला यांच्या ग्रुपचा. काळ्या-पांढऱ्या डागांची चित्रं, सरळ धरली तर चेहरा दिसतो, उलटी केली की बहुतेकदा नुसते डाग. डोक्यावर ईईजीचे (मेंदूतल्या विद्युत लहरी कवटीवरून टिपणारं तंत्र) इलेक्ट्रोड लावलेले, आणि चेहरा दिसला की नाही ते बटण दाबून सांगायचं. चेहरा ओळखला गेला तेव्हा साधारण पाव सेकंदात लांबलांबच्या इलेक्ट्रोडमधल्या गॅमा लहरी, म्हणजे मेंदूच्या वेगवान लहरी, सिंक झाल्या. इथवर सगळे सांगतात. मला खरी मजा वाटते ती पुढची, कारण लगेच ते सिंक तुटलं, आणि साधंसुधं नाही, चित्र दाखवण्याआधी होतं त्याहीपेक्षा कमी झालं, मग बटण दाबायच्या सुमारास परत जुळलं. त्यांचं म्हणणं असं की बघण्याच्या कामातून हात हलवण्याच्या कामात जायचं तर आधीची जोडणी मोडावीच लागत असेल. आणि बघा, पूर्ण वेळेची एकच सरासरी काढली असती तर चढ-उतारांनी एकमेकांना खाऊन टाकलं असतं, काहीच दिसलं नसतं! म्हणून क्षणाक्षणाचं मोजायचं.

मोजतात कसं, तर तोच प्रसंग पुन्हापुन्हा घडवायचा आणि त्याच क्षणाला फेजमधला फरक दरवेळी सेम येतो का बघायचं. कायम सेम तर 1, कसाही भरकटला तर 0 च्या जवळ. पण दहाच ट्रायल्स (म्हणजे तो प्रसंग दहाच वेळा) घेतल्या ना, तर निव्वळ योगायोगानेही सरासरी 0.28 येतं, शंभर घेतल्या तर 0.09. त्यामुळे एका गटात कमी ट्रायल्स आणि दुसऱ्यात जास्त असं असेल तर तुलना गंडलीच.

दुसरा घोळ अजून बेक्कार आहे. एकच ढोल दोन मोबाईलवर रेकॉर्ड केला तर दोन्ही रेकॉर्डिंग जुळणारच ना, त्यात ढोलवाल्यांची कसली कमाल? कवटीतून सिग्नल असाच पसरतो, एकच उगम दोन इलेक्ट्रोडना एकाच क्षणी दिसतो. म्हणून काही पद्धती शून्य अंतराचं सिंक धरतच नाहीत, मग त्यात थोडं खरंही वाया जातं, पण इलाज नाही.

आणि 2008 मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी दाखवलं की ईईजीवर चित्र पाहिल्यावर दिसणारी गॅमाची वाढ बऱ्याचदा मेंदूची नसतेच, डोळ्यांच्या बारीकशा झटक्यांची असते. तेव्हापासून गॅमाचा ग्राफ दाखवला की पहिला प्रश्न हाच: डोळे ट्रॅक केले होते का?